उडीवाले

आमच्या भागात माझ्या वडिलांना सगळे उडीवाले म्हणतात. "पोराचे केस डोळ्यांवर आलेत, उडीवाल्यांकडे घेऊन जा," असं बायका नवऱ्यांना बजावतात. नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, हे कोणी सर्कशीतले असावेत. मग तो दुकानात येतो आणि बघतो तर बारीक चणीचा, डाव्या पायाने चांगलाच लंगडणारा एक न्हावी. अशा माणसाला उडीवाले का म्हणतात, असं त्याने विचारलं की बाबांना तेवढंच हवं असायचं.

दुकान लहान आहे. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. दुसऱ्या खुर्चीची वरखाली होण्याची कळ कधीच बिघडलेली, म्हणून ती मुलांची खुर्ची. तिच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची आणि मुलाला त्यावर बसवायचं. कात्री कानाजवळ आली की मूल भोकाड पसरायचं, आणि बाबा एकदम हळू आवाजात म्हणायचे, "आमच्या गावाबाहेर एक कालवा होता."

रडणारं मूल गप्प व्हायचं. बाकावरचे वर्तमानपत्र खाली करायचे.

कालव्याच्या काठाने तुतीची झाडं होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी बाहेर पडायचं ते दिवेलागणीलाच परत यायचं. तुती खाऊन बोटं, ओठ, सदरा सगळं जांभळं. कालव्याच्या उभ्या मातीत खंड्याचं बीळ होतं, हात कोपरापर्यंत आत जायचा आणि टोकाला माशांच्या काट्यांचा घाण वास. चतुर पकडून त्याला दोरा बांधायचा, पण संध्याकाळी सोडून द्यायचा, असा नियम. कालव्याचा चौकीदार छत्री उगारून मागे धावायचा, आणि एकदा त्याची छत्रीच पाण्यात पडली तेव्हा ती पोरांनीच काढून दिली. आणि सगळ्यात शेवटी तो दगडी पूल. ऊन असं की कठड्यावर अनवाणी उभं राहिलं की नाचायलाच लागायचं, आणि खाली पाणी असं गार की दात वाजायचे. त्या पुलावरून कोणीच उडी मारत नसे. बाबांनी मारली. पाण्याखाली एक दगड होता, तो लागला आणि पाय जन्माचा असा झाला.

"दुखलं?" मूल विचारायचं.

"दुखलं ना. पण उडी काय होती," बाबा म्हणायचे, आणि तेवढ्यात मानेवर पावडर मारून मोकळे व्हायचे.

या गोष्टीत एक भाऊही होता. बाबांचा मोठा भाऊ, खूप आजारी, पायाला कमरेपासून प्लास्टर, दिवसभर खिडकीजवळ खाटेवर. बाबा संध्याकाळी घरी आले की त्याला सगळं सांगायचे, त्याच्या हातावर कालव्याचा ओला चिखल ठेवायचे. हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की बाकावरच्या एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मी याच गोष्टींवर वाढले. सहा वर्षांची असताना बाबांनी मला तलावावर नेलं आणि पोहायला घातलं. स्वतः पायऱ्यांवर बसायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पण पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. पायामुळे, मला वाटायचं. पुढे मी पोहणं शिकवण्याचंच काम धरलं. नवीन तुकडी आली की पाण्याला घाबरणाऱ्या मुलांना मी बाबांची उडी सांगते. सांगत असे.

त्या गोष्टीतले मोठे भाऊ, माझे काका, दोन दिवसांच्या प्रवासावर राहायचे. काचेच्या कारखान्यात होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि त्यांनी उजेडात बघायचं, कुठे तडा आहे का. आयुष्यभर तेच. बसून करायचं काम. ते आमच्याकडे फार कमी आले. आजी गेली तेव्हा, आणि मधे दोनदा. आई मात्र त्यांना वर्षातून दोन-तीन पत्रं लिहायची, नंतर फोन करायची. मला आता आठवतं की काका आले की बाबांच्या गोष्टी बंद व्हायच्या. तेव्हा ते लक्षात आलं नाही. पाहुणे आले की घरात सगळंच थोडं बदलतं.

निवृत्त झाल्यावर काका पंधरा दिवस राहायला आले. उंच, ताठ, कमी बोलणारे, पाय दोन्ही धडधाकट. इतक्या आजारातून हे किती छान बरे झाले, असं मला कौतुक वाटलं. बाबा सकाळी त्यांना सांगून गेले की दुकानात केसांची धूळ असते, दादा, तू घरीच आराम कर. तीन दिवस काकांनी आराम केला. चौथ्या दिवशी मी दुपारी बाबांचा डबा घेऊन निघाले तेव्हा ते गॅलरीतल्या कुंड्या तिसऱ्यांदा मोजल्यासारखे बघत होते. मला कसंसं झालं. म्हटलं, काका, चला माझ्याबरोबर, दुकान तरी बघा. ते लगेच चपला घालून तयार.

आम्ही दारात पोचलो तेव्हा फळीवर एक चार वर्षांची मुलगी बसली होती. तिचे आजोबा बाकावर, आणि शेजारी निवृत्त पोस्टमास्तर, जे दाढी नसली तरी रोज येतात. बाबांची पाठ आमच्याकडे होती. मुलगी हुंदके देत होती आणि बाबा सांगत होते, "वर खिडकीत माझा भाऊ बिचारा वाट बघत असायचा. त्याला चालताच येत नव्हतं ना. मग मी—"

आणि त्यांनी आरशात बघितलं.

मी त्यांचा चेहरा आरशात बघत होते. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. कात्री हवेतच थांबली. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"मग?" मुलगी म्हणाली.

बाबांनी गोष्ट पुरी केली. काय करणार होते? मुलीचे अर्धे केस कापायचे होते. आवाज कोरडा पडला होता, पण उडीपर्यंत गेले, दगडापर्यंत गेले, पावडर मारली. मग पोस्टमास्तर मागे वळले आणि त्यांना काका दिसले. नाक, कपाळ सगळं बाबांसारखं, ओळखायला वेळ लागलाच नाही.

"अहो, हे तुमचे बंधू का? खिडकीतले?" ते उठून उभे राहिले. "या, या, बसा इथे. पाय कसा आहे आता?"

काकांनी एकदा बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, "आता बरा आहे. थंडीत थोडा दुखतो."

त्या मुलीच्या आजोबांनीही सरकून जागा केली. काका बाकावर बसले, सगळ्यांनी त्यांची आपुलकीने चौकशी केली, आणि त्यांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. बाबा पाठमोरे उभे राहून स्वच्छ असलेला वस्तरा पुसत होते. परत निघताना काका दुकानाच्या पायरीवरून उतरले आणि लंगडले. चार-पाच पावलं. उजव्या पायाने, मग जरा थबकून डाव्या पायाने. कुठल्या पायाने लंगडायचं हे त्यांना माहीत नव्हतं. कोपऱ्यावर वळल्यावर ते सरळ चालायला लागले आणि मला म्हणाले की दुकान छान ठेवलंय, आरसे फार स्वच्छ आहेत.

मला काही कळलं नाही, आणि थोडंफार कळलंही. मी विचारलं नाही. तो भित्रेपणाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी तुकडी सुटली तेव्हा बाबा तलावाच्या पायऱ्यांवर बसलेले दिसले. दुकान बंद करून आले होते. मी केस पुसत शेजारी बसले. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "खाटेवर मी होतो."

मग सगळं सांगितलं. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना हाडाचा क्षय झाला. पाच उन्हाळे ते त्या खाटेवर होते. खिडकीतून कालवा दिसतसुद्धा नव्हता, समोरच्या घराची भिंत आणि पाण्याची टाकी दिसायची. आजी रोज सकाळी काकांना म्हणायची, बाहेर जा आणि याला सांगायला काहीतरी घेऊन ये. काका जायचे. संध्याकाळी खाटेच्या पायथ्याशी बसून सगळं सांगायचे. बाटलीत बेडकाची पिल्लं आणायचे, मुठीत चिखल आणायचे, आणि बाबा दिवसभर तेवढ्याचीच वाट बघायचे.

"तुतीचा डाग माझ्या सदऱ्यावर कधी पडलाच नाही," ते म्हणाले. "त्याच्या सदऱ्याचा वास घेतलाय मी."

पुढे बाबांचं लग्न ठरत होतं तेव्हा आजीने आईच्या माणसांना सांगितलं की पोरगा लहानपणी फार वांड होता, पुलावरून उडी मारली, पाय गेला. क्षयाचं नाव काढलं असतं तर लोक उठून गेले असते. बाबा तिथेच बसले होते. आईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि हसली. त्यांना तोवर कोणी कीव न करता बघितलंच नव्हतं. लग्नानंतर आईला जुन्या सामानात एक फोटो सापडला, खिडकीजवळ खाट, खाटेवर एक मूल, उजेडाने तोंड पुसट झालेलं. हा कोण, तिने विचारलं. बाबा म्हणाले, दादा.

"एकच शब्द बोललो," बाबा म्हणाले. "पण तो बोलल्यावर बाकीचं सगळं त्याच्या अंगावर टाकावं लागलं."

मला राग आला होता. तीस-पस्तीस वर्षं मी ज्या उडीचा अभिमान बाळगला ती उडी यांची नव्हती, आणि त्यावर ज्याची होती त्याला यांनी खाटेवर झोपवलं होतं. मी म्हटलं, काकांची माफी मागितली का?

ते म्हणाले, त्यासाठीच आज सकाळी काकांना दुकानात घेऊन गेले होते, दुकान उघडण्याच्या आधी, शटर अर्धं खाली ओढून. काय बोलावं ते सुचेना, म्हणून केस कापतो म्हणाले. केस कापून झाले. मग नेहमीच्या गिऱ्हाइकाला करतात तशी डोक्याची आणि खांद्यांची मालिश करायला घेतली. डावा हात वर नेला, तो कानापर्यंत गेला. उजवा हात खांद्याच्या वर येईना. बाबांना वाटलं आखडलाय, त्यांनी जरा जोर लावला, आणि काकांचा चेहरा आरशात पिळवटला.

"हा हात कधीपासून असा आहे?" बाबांनी विचारलं.

"जुना आहे."

"किती जुना?"

काका टाळत होते. बाबांनी सोडलं नाही. शेवटी काका म्हणाले, "तुझीच उडी ती. रोज सांगतोस ना."

पाण्याखाली दगड होता. बाबा हे मला सांगताना दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून बसले होते. गोष्टीतला दगड त्यांनी मनाने घातला होता, पायाला काहीतरी कारण हवं म्हणून. काकांनी त्या संध्याकाळी फक्त उडी सांगितली होती, पाणी कसं वर आलं आणि पोरं कशी ओरडली ते. दगडाचा एक शब्द नव्हता. आणि दगड खरोखर होता.

"मारलीस कशाला?" बाबांनी विचारलं होतं.

"तुला रोजचं पुरेनासं झालं होतं," काका म्हणाले. "तुती सांगितली, खंड्या सांगितला, चौकीदाराची छत्री सांगितली. तू म्हणायचास, आज एवढंच? दोन-तीन दिवस म्हणत होतास. मग तू तोंड भिंतीकडे केलेलं मी बघितलं. म्हटलं, उद्या काहीतरी मोठं न्यायला पाहिजे."

"आणि खांद्याचं घरी सांगितलं नाहीस?"

"आईने मला बाहेर सोडलं असतं का? मग तुला काय सांगणार होतो मी?"

पोर अकरा वर्षांचं. मोडलेला खांदा घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसून त्याने उडीची गोष्ट रंगवून सांगितली होती. बाबांना आठवत होतं, त्या संध्याकाळी दादा डाव्या हाताने जेवला आणि आजी त्याला रागावली.

"मी टाळ्या वाजवल्या होत्या," बाबा मला म्हणाले. एवढंच बोलले आणि त्यांनी तोंड फिरवलं. तलावावर तेव्हा साफसफाईवाला पाण्यातला पाला जाळीने काढत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. माफी मागितली का, हे मी परत विचारलं नाही. दिसतच होतं की मागता आली नव्हती.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. काका खाली फिरायला गेले होते. आई ओट्याशी भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. क्षयाचं ऐकतानाही तिचा हात थांबला नाही. मग फोटोचं ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"मी त्यांना दर पत्रात विचारत आलेय," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत. तुमचा पाय आता कसा आहे. पहिल्या पत्रापासून."

"काय लिहायचा तो?"

"पाय ठीक आहे, काळजी नसावी. दर वेळी तेच लिहायचे."

बाबा खुर्ची ओढून बसले. म्हणजे काकांना काल कळलं नव्हतं. त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. आईचं पहिलं पत्र वाचून त्यांनी एकदा विचार केला असेल, की हिला असं का वाटतंय, आणि मग सगळं समजून पाय ठीक आहे असं लिहून पाकीट बंद केलं असेल. पुढची पस्तीसेक वर्षं तेच. दुकानात पोस्टमास्तरांना त्यांनी जे सहज उत्तर दिलं, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. लंगडण्याची सवय तेवढी नव्हती.

आई बाबांशी चार दिवस कामापुरतंच बोलली. काकांच्या पुढे मात्र ती फार हळू वागायला लागली, त्यांचं पाणी आधी, त्यांची उशी उन्हात, आणि काकांना त्याचा इतका संकोच व्हायचा की ते गॅलरीतच बसून राहायचे. मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी एकदा म्हटलं, काका, मला ती उडी तुम्ही सांगा ना. ते म्हणाले, "मला तुझ्या बाबांसारखी नाही सांगता येत. मी सांगायचो तेव्हा साधीच होती. तो ऐकायचाच तशी."

जायच्या दिवशी बस सुटायला अवकाश होता. बाबा काकांची पिशवी घट्ट धरून उभे होते. मी जरा लांब थांबले, पण ऐकू आलं.

"दादा, मी तुला खाटेवर घातलं," बाबा म्हणाले.

"मला तिथे जागा बरी मिळाली," काका म्हणाले. "बसायला बाक दिला लोकांनी." मग बाबांचा चेहरा बघून त्यांनी चेष्टा सोडली. "सांगत जा तू. मला राग नाही."

"मला लाज वाटते."

"वाटू दे," काका म्हणाले, आणि डाव्या हाताने पिशवी घेऊन बसमध्ये चढले.

मला वाटलं होतं बाबा दुसऱ्याच दिवशी दुकानात सगळं खरं सांगून टाकतील. तसं झालं नाही. पंधरा दिवस त्यांनी कुठलीच गोष्ट सांगितली नाही. मुलं रडायची, ते मुकाट्याने कापायचे, एकदा एका मुलाच्या कानाला कात्री लागली. मग एका सकाळी, पोस्टमास्तर एकटेच असताना, त्यांनी सांगितलं. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे छत्रीसुद्धा तुम्ही काढली नाहीत?" बाबा नाही म्हणाले. पोस्टमास्तर नंतर आठवडाभर आले नाहीत. बाबांनी ते आठ दिवस रोज बाकाकडे बघत काढले. नवव्या दिवशी ते आले, नेहमीसारखे बसले, वर्तमानपत्र उघडलं. त्या विषयावर ते परत बोलले नाहीत. पण हळूहळू बाकीच्यांना त्यांनीच सांगितलं असावं, कारण काही लोक बाबांकडे बघून जरा जास्तच मायेने हसायला लागले, आणि ते बाबांना टोमण्यापेक्षा जड गेलं. नाव मात्र बदललं नाही. उडीवाले म्हणून हाक आली की त्यांची मान खाली जाते, आणि लोकांना ते कळतही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान तीन आठवडे बंद ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते काकांकडे गेले. रोज सकाळी काकांच्या खांद्याला तेल लावून चोळायचे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता इतक्या वर्षांनी काही होणार नाही, आणि झालंही नाही, पण काकांनी त्यांना चोळू दिलं. दुपार उतरली की दोघं इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून बसायचे. शेजारच्या एका बाईंनी बाबांना विचारलं की पायाला काय झालं, अपघात का?

बाबांनी मला त्याच संध्याकाळी फोन केला.

"मी म्हटलं, अपघात नाही. लहानपणी हाडाचा क्षय होता, पाच वर्षं खाटेवर होतो," ते म्हणाले. "माझा भाऊ मला बाहेरचं सगळं आणून द्यायचा, असंही सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. बरं म्हणाल्या आणि दोरीवरचे कपडे काढायला गेल्या."

"आणि काका?"

"तो मान खाली घालून बसला होता. मलाही घाम फुटला होता. मग आम्ही खुर्च्या सावलीत ओढल्या."